बाराव्या खाटेची साक्ष

दोन फिल्म. एक मार्चची, एक मेची.
मार्चच्या फिल्ममध्ये इंकोरोनाताच्या मांडीचं हाड
वाळवी लागल्यासारखं, आतून भुसभुशीत.
मेच्या फिल्ममध्ये हाड. नुसतं हाड.
शिकाऊ पोरांना दाखवावं, इतकं धड.

रोक्कास्पीनाच्या डोंगरावर, शाळेच्या जेवणघरात,
बिशपच्या कचेरीने खुर्च्या मांडल्या.
भिंतींना अजून शिजलेल्या टोमॅटोचा वास.
मी एर्सिलिया मोंतेमुर्रो, क्ष-किरणांची डॉक्टर, वय एकसष्ट,
प्रार्थना न येणारी, म्हणून मुद्दाम बोलावलेली.
प्रश्न एकच: तुमचं शास्त्र याचं कारण सांगू शकतं का?

मी म्हटलं, आज नाही.
लेखनिकाने फक्त ‘नाही’ लिहिलं.
मी म्हटलं, ‘आज’ही लिहा.

फादर विताले हुशार माणूस.
म्हणाले, नियम म्हणजे तरी काय, डॉक्टर?
आजवर जे पाहिलं, त्याची वही.
वहीत नाव नाही म्हणून पाहुण्याला दारातून परत पाठवणार?
मी म्हटलं, पाहुणा आला असं सांगणारी माणसंच ना?
तीस वर्षांत अकरा वेळा फिल्मवरची नावं बदललेली मी पाहिली.
असं हाड आपणहून भरून आलेलं एकदाही नाही.
मग मी कशावर विश्वास ठेवू?
वाट पाहणाऱ्याला सावल्याही माणसं वाटतात.
आणि न पाहणाऱ्याला, ते म्हणाले, माणसंही सावल्या.

पण नावं बदलली नव्हती.
गुडघ्याजवळ एक जुनी चीर होती,
पोर कधीतरी अंजिराच्या झाडावरून पडली होती तिची.
ती दोन्ही फिल्मवर दिसत होती.
हे मीच सांगितलं. कुणी विचारलं नसतानाही.

मग मी तिसरी फिल्म काढली.
बारावी खाट. दोनातो, वय नऊ.
तोच रोग, तीच खोली, त्याच संताचं,
त्याच बाटलीतलं तेल.
एप्रिलमध्ये गेला.
मी विचारलं, अकराव्या खाटेपर्यंत पोचलेला हात
बाराव्यापर्यंत का पोचला नाही?
अडीच हात अंतर होतं. मी मोजलंय.

कुणी बोललं नाही. फादर वितालेंनी चष्मा पुसला.
मग पुढच्या साक्षीदाराचं नाव पुकारलं:
आस्सुंता लापेन्ना. दोनातोची आई.

ती माझ्या बाजूने आली असेल, असं मला वाटलं.

म्हणाली, त्या रात्री मी जागी होते. त्या मुलीचा पाय हलला.
सकाळी तिने पाव मागितला, आणि उठून घेतला.
माझा तेव्हा चार दिवसांपूर्वी गेलेला.
त्याची चादर घ्यायला मी तिथे थांबले होते.

साक्षीदाराला खोटं बोलून काय मिळतं, हे मी आधी बघते.
हिला काय मिळणार होतं?
हिने खोटं बोलायचंच, तर उलट बोलायला हवं होतं.
चमत्कार तिथे नमस्कार, म्हणतात.
हिचा नमस्कार मात्र तिथे, जिथे काहीच झालं नाही.

मी विचारलं, आणि दोनातो?
त्याचंही ऐकलं असणार, ती म्हणाली. ‘नाही’ म्हणाला.
आणि तरी तुम्ही…?
डॉक्टर, ‘नाही’ ऐकून माणूस घरी परत येतो.
मी दोन महिने रिकाम्या घराशी बोलत होते, असं तुम्ही म्हणता.
तिथून मी परत कशी येऊ?

हा पुरावा नव्हे. मला कळतं.
दुःखाला जे लागतं ते खरंच असेल, असं कुठे लिहिलंय?
हे मी तिला म्हणाले नाही.
भित्रेपणा म्हणा हवं तर.

अहवालावर सही केली: कारण अज्ञात.
त्यांना हवा तो शब्द नाही, मला हवा तोही नाही.

बाहेर ती बसची वाट बघत होती.
म्हणाली, त्याची फिल्म देता का? फोटो एकच आहे, तोही हललेला.
फिल्म देणं नियमात बसत नाही.
दिली.
तिने ती बसच्या काचेला लावून धरली.
वळणाआड जाईपर्यंत
त्या एका खिडकीत
उजेड थोडा कमी होता.